गाडी थांबल्यावरचा धक्का

गणू मढवींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चपला काढत होते. आंबिवली स्टेशनच्या अलीकडे रुळांना लागून पत्र्याची एक शेड, तिला ना पाटी ना रंग. तिच्या दाराशी हा सत्तरीकडे झुकलेला माणूस एका पांढऱ्या पिकअपला हात लावण्याआधी चपला काढून बाजूला जोडून ठेवत होता. मला वाटलं, भाविक असणार. आता नारळ फुटेल, लिंबू ठेवलं जाईल आणि आपली एक सकाळ फुकट जाईल. चौतीस वर्षं डोंबिवलीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यावर माणसाचं डोकं असंच चालतं. माझ्या हातातलं लाल पेन निवृत्तीच्या दिवशी गेलं, नजरेतलं गेलं नाही. लग्नाच्या पत्रिका मी आधी तपासते आणि मग वाचते.

पिकअप जागृतीची. जागृती केणे ही माझी विद्यार्थिनी, दहावी ड. मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायची. तिच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' असं मी तीनदा लिहिलंय, आणि त्याची आता लाज वाटते. बारावीनंतर शिळफाट्याच्या रस्त्यावर तिला एका डंपरने उडवलं. डावा पाय वाचला, पण नावापुरता. घोट्यात जोर नाही. तिच्या वयाच्या पोरी नोकऱ्यांना लागल्या, लग्नं करून गेल्या, आणि ही सात वर्षं ओटीवरच्या खुर्चीत बसून रस्ता बघत राहिली. कुठे जायचं तर कोणाच्या तरी मागे बसून जायचं.

मग तिच्या वडिलांची जमीन रस्त्यात गेली. पैसे आले तेव्हा भाऊबंदांनी बंगले बांधले, आणि या माणसाने लेकीसाठी गाडी घेतली. क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी, दोनच पायडलं असलेली. उजव्या पायाने चालते तेवढी. आंबिवलीजवळ उरलेल्या बारा गुंठ्यांत त्यांनी रोपवाटिका लावली. दोन वर्षांनी ते वारले. आता आई लक्ष्मी रोपं वाढवते आणि जागृती ती कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, पार ठाण्यापर्यंतच्या सोसायट्यांत पोचवते. माझ्या गॅलरीतली निम्मी झाडं तिचीच. एकदा कुंडी उतरवताना ती मला म्हणाली होती, "बाई, गाडीत बसली ना, की मी लंगडी नसते." हे तिने अगदी सहज सांगितलं.

त्या गाडीला गेल्या डिसेंबरपासून धक्का बसायला लागला. सिग्नलला गाडी थांबली की मागून धप्पकन कोणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी, मग रोज, मग प्रत्येक थांब्याला. मागच्या उघड्या हौद्यातल्या कुंड्या एकमेकींवर आपटायच्या. एका मोठ्या वर्कशॉपने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेला, नवा टाकावा लागेल. खर्च गाडीच्या निम्म्या किमतीएवढा. दुसऱ्यांनी गाडी न बघताच तेच सांगितलं, वर म्हणाले, चालवत राहिलात तर एक दिवस भर रस्त्यात बसेल. एवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. मायलेकींनी गाडी विकायची ठरवली. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं, न्यायलाच.

हे सगळं जागृतीने मला गुरुवारी सांगितलं, कढीपत्त्याची कुंडी द्यायला आली तेव्हा. रडली नाही. "बाई, पुढच्या महिन्यापासून कुंड्या टेम्पोवाला आणून देईल," एवढंच म्हणाली, आणि गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात आमचे हे खाली आले. हरिहर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात मापनयंत्रं सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं एक यंत्र मागवलं आणि सोसायटीतल्या एकूण एक गाड्यांची नाडी पाहून झाली. ते त्यांनी जागृतीच्या गाडीला लावलं. "एकही एरर नाही," असं जरा नाराज होऊनच म्हणाले. मग दोन तास मोबाइलवर व्हिडिओ पाहून जाहीर केलं, "व्हॉल्व्ह बॉडी."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे गिअरबॉक्सच."

मी कपाळाला हात लावला. जागृती म्हणाली, "आई बोलते गणूकाकांना दाखव. पण ते टेम्पो-रिक्षा बघतात बाई, त्यांना यातलं काय समजणार?" मी म्हटलं, विकायचीच आहे तर दाखवायला काय जातं. खरं कारण वेगळं होतं. या मुलीकडे मी एकदा नीट बघितलं नव्हतं, आता निदान सोबत तरी जावं असं वाटलं. शुक्रवारी सकाळी मायलेकी आम्हाला न्यायला आल्या आणि आम्ही चौघं निघालो. पुढे जागृती आणि लक्ष्मी, मागच्या सीटवर मी आणि यंत्र सांभाळत बसलेले हे. आंबिवलीपर्यंत धक्के मोजले. एकोणीस.

गणूकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच वाक्य बोलले, "आटोमॅटिक गेर मना येत नाय. उगडून बी नाय बगितला कदी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पन धक्का येतो मना," गणूकाका म्हणाले. "चल, धक्का दाखव."

ते जागृतीशेजारी बसले. शेडपासून रुळांच्या कडेने एक रिकामा रस्ता जातो, त्यावर गाडी घेतली. "कवा येतो गो? थांबायच्या अगुदर का थांबल्यावर?"

"थांबताना, काका."

"थांबताना म्हंजे कवा?"

जागृतीला सांगता येईना. मलाही आलं नसतं, आणि मी नुकतेच एकोणीस धक्के मोजले होते. मोठ्या वर्कशॉपने हा प्रश्न विचारला नव्हता, ह्यांनी विचारला नव्हता, आणि आयुष्यभर मुलांना 'कधी, किती, कुठे ते लिहा' म्हणून ओरडणाऱ्या मीही विचारला नव्हता. गणूकाकांनी खिडकीतून मान बाहेर काढून नजर चाकाकडे लावली. "आता थांबव. हलू." चाक थांबलं तसं ते म्हणाले, "एक." मग धक्का आला आणि ते म्हणाले, "दोन."

एक आणि दोन यांच्या मध्ये जागा होती. थोडीशीच, पण चक्क जागा होती. गाडी थांबून गेली होती आणि धक्का नंतर येत होता. त्यांनी पुन्हा थांबवायला लावलं, पुन्हा एक आणि दोन. मग म्हणाले, "आता थांबायच्या अगुदर गेर काडून टाक. न्यूट्रल कर." जागृतीने केलं. गाडी नुसती घरंगळत गेली, ब्रेक लागला, एक. आणि दोन. जरा मवाळ, पण आलाच.

"गेर काडला तरी लाथ मारतंय," गणूकाका म्हणाले. "मंग गेराचा गुन्हा काय?"

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. ज्या कारणाचा संशय आहे ते एकच कारण बाजूला काढा, बाकी सगळं तसंच ठेवा आणि बघा काय होतं. हे मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहून देत होते आणि मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करत होती. हा माणूस ते इतक्या सहज करून मोकळा झाला होता की, शेजारी बसलेल्या जागृतीला काही मोठं घडलंय हे कळलंही नाही. हरिहरांनी यंत्र पिशवीत घातलं. त्यांना मात्र कळलं होतं.

गणूकाकांनी चपला कशासाठी काढल्या होत्या ते शेडपाशी परत आल्यावर कळलं.

हौद्यात चढून ते पाय फाकवून उभे राहिले, एक हात केबिनच्या मागच्या दांडीवर, डोळे मिटलेले. जागृतीला सांगितलं, चालव आणि थांबव, मी थांब म्हणेपर्यंत. मी मागच्या काचेतून बघत होते. थांबली की त्यांचा एक पाय जरासा सरकायचा, जागा बदलायचा, पुन्हा टेकायचा. वाफ्यात पाणी कुठवर पोचलंय ते बघणारा माणूस जसा हळू पाय टाकतो तसं. पाचव्या-सहाव्या थांब्यानंतर ते खाली बसले, खिशातून खडू काढला आणि हौद्याच्या पत्र्यावर पुढच्या बाजूला, केबिनपासून हातभर मागे एक गोल काढला.

"हिच्या खाली हाय."

गाडीखाली त्यांनी अजून डोकावूनही पाहिलं नव्हतं. हरिहर न राहवून म्हणाले, "पण गिअरबॉक्स तर त्याच्या बराच पुढे येतो."

"म्हनून तं," गणूकाका म्हणाले.

गाडी खालून बघता यावी म्हणून शेडमध्ये खणलेल्या खड्ड्यावर ती घेतली. ते खाली उतरले आणि उतरता उतरता, मी विचारलं म्हणून, सांगितलं. लहानपणी ते ठाण्याच्या खाडीकडच्या मिठागरात होते, लक्ष्मीही तिथलीच. मीठ पिकवायच्या आधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते, आणि ते काम पोरांचं. जमीन वरून सगळी सारखीच दिसते. कुठे पोकळ राहिलंय, कुठून पाणी झिरपून जाणार आहे, ते डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतं. चुकलं की मुकादम काठी मारायचा. "डोल्यांनी बगून मार खाल्ला," ते म्हणाले, "मंग पायांवर इस्वास ठेवला." पुढे मिठागरं मोडली, हे आंबिवलीला एका गॅरेजात लागले. पाय तेच राहिले.

हरिहरांनी टेप काढली होती. एकदा वर खडूच्या गोलापासून केबिनपर्यंत मोजलं, एकदा खाली गणूकाकांनी बोट ठेवलं तिथपासून. फरक चार बोटांचा. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा चारच बोटं. मग टेप गुंडाळून खिशात टाकली.

खाली काय होतं ते मी वाकून पाहिलं, कारण समजल्याशिवाय मला झोप आली नसती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब लोखंडी दांडा दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात शिरतो आणि त्यात पुढे-मागे सरकतो, मिटायच्या छत्रीच्या दांड्यासारखा. ब्रेक लागला की गाडीचं मागचं अंग किंचित उचलतं, स्प्रिंगचे पाटे ताणतात. गाडी थांबली की ते परत जागेवर बसतं. तेवढं अंतर त्या सांध्याने गुपचूप सरकून भरून काढायचं असतं. त्यासाठी आत ग्रीस लागतं आणि वर रबराचं आवरण. इथे रबर फुगून चिरलं होतं. आत ग्रीसचा टिपूस नव्हता, तांबड्या गंजाची पूड होती. सांधा अडकून बसायचा आणि गाडी थांबल्यावर एकदम सुटायचा. तोच धक्का. गिअरबॉक्स बिचारा पुढे शांत बसला होता.

गणूकाकांनी ती पूड बोटावर घेतली, नाकाशी नेली, आणि बोट माझ्यापुढे धरलं. डिझेलचा वास.

"गाडी कोन धुतो?" त्यांनी वर बघून विचारलं.

"मी," लक्ष्मी म्हणाली. पदर खोचून ती खड्ड्याच्या काठाशी उभी होती. "दुसऱ्या कोनाला हात लावून देत नाय."

आणि तिने कौतुकाने सांगितलं. गाडी संध्याकाळी परत आली की ती रोज, एक दिवस न चुकता, खालून पाइपने जोरात पाणी मारते. मग झाडांवर औषध मारायच्या पंपात डिझेल भरून खालचं सगळं लोखंड भिजवून काढते. "मिठागरान फावडी, घमेली रोज गोड्या पान्यान धुवून तेलाचा बोळा फिरवायची आई. एक दिस ऱ्हायलं तं लोखंडाला भोकं पडायची. ही तं पोरीची गाडी." शेवटचं वाक्य ती जरा हळू बोलली.

माझ्या डोक्यात गणित झटक्यात सुटलं. मिठागर सोडून या बाईला चाळीस वर्षं झाली. आंबिवलीला खाडी नाही, खारा वारा नाही, नदी आहे ती गोड्या पाण्याची. नसलेलं मीठ ती रोज संध्याकाळी धूत होती. डिझेलने रबर फुगलं, फाटलं, आणि फटीतून गेलेल्या पाण्याने आणि डिझेलने ग्रीस धुऊन नेलं. पोरीची गाडी विकायला निघाली त्याचं कारण समोर उभं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. अशी चूक दिसली की माझी जीभ थांबत नाही. मी तोंड उघडलंच, "म्हणजे लक्ष्मीताई, हे तुमच्या—"

"बाई," खड्ड्यातून गणूकाका म्हणाले, "जरा बॅटरी द्या."

मी इकडेतिकडे पाहिलं. बॅटरी त्यांच्याच हातात होती, पेटलेली. ते माझ्याकडे बघतही नव्हते, सांध्याकडे बघत होते.

मी तोंड मिटलं.

"लक्ष्मीबाय, हितं ये," त्यांनी हाक मारली. ती खड्ड्याच्या पायऱ्या उतरून गेली. त्यांनी बॅटरी फिरवून तिला गाडीचं सगळं पोट दाखवलं. "बग, लोखंड कसं हाय. पाच वर्सांची गाडी अशी मी नाय बगितली. गंजाचा ठिपका नाय." मग उजेड सांध्यावर आणला. "फकस्त ही एक जागा येगली. हितं पानी नको, डिजेल नको. डिजेल रबर खातंय. हितं ग्रीस. म्हयन्याला एकदा तू स्वता मारायचं, मी शिकवतंय. आनि आई पंप मारायची का? बोळाच फिरवायची ना? तसा बोळा फिरव."

लक्ष्मीने ती तांबडी पूड बोटावर घेतली. साधी बाई असेल, खुळी नव्हती. "गणूदादा," ती म्हणाली, "म्हंजे यो माज्यामुलं झाला?"

जागृती गाडीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुज्यामुलं गाडी सडली नाय," गणूकाका म्हणाले. "रबर हाय, फाटतंय. धर, ही गन धर."

आणि त्यांनी ग्रीसची गन तिच्या हातात दिली.

रबराचं नवं आवरण कल्याणहून आणायला हरिहर स्वतः रिक्षाने गेले; त्यांना काहीतरी करायला हवंच होतं. तोवर गणूकाकांनी दांडा उतरवला, सांधा रॉकेलने साफ केला, पॉलिश पेपरने घासला, बोटाने आत-बाहेर सरकवून पुन्हा घासला. दुपारी तीनच्या सुमाराला सगळं जागेवर बसलं. शेवटचं ग्रीस लक्ष्मीने मारलं, दोन्ही हातांनी गन दाबत, ओठ घट्ट मिटून. ते आवरणाच्या कडेने किंचित बाहेर आलं तेव्हा गणूकाका बास म्हणाले.

मग मी चपला काढल्या. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण मला ते तळव्यांनीच बघायचं होतं. ह्यांनी मागून आधार दिला आणि मी हौद्यात चढले. पत्रा उन्हाने तापला होता. गणूकाका शेजारी उभे राहिले. रुळांच्या कडेच्या त्याच रस्त्यावर जागृतीने गाडी घेतली, वेग धरला, आणि हळूहळू ब्रेक दाबला. माझे पाय आवळून धरलेले. चाक थांबलं.

"एक," गणूकाका म्हणाले.

मी वाट बघत राहिले. दोन आलंच नाही. माझ्या पायांखाली एक अख्खी गाडी तिच्या सगळ्या लोखंडासकट गप्प उभी होती, आणि इतकं काहीच न होणं मी आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी लपवलं नाही. गणूकाकांनी ते पाहिलं आणि चपला कुठे ठेवल्या म्हणून बघायला लागले. चपला अर्थातच शेडपाशी राहिल्या होत्या.

जागृती पुढे बसून होती. तिने गाडी आणखी चार वेळा चालवली आणि थांबवली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मग इंजिन बंद केलं आणि मोबाइल काढला. "दादा, रविवारी येऊ नका," ती म्हणाली. "नाय, किमतीचा प्रश्न नाय. गाडी द्यायची नाय." फोन ठेवून ती स्टिअरिंगवर दोन्ही हात पसरून बसून राहिली. दहावी ड मधल्या त्या मागच्या बाकावरून ती खिडकीबाहेर काय बघायची, हे विचारायचं माझ्या मनात आलं. पण आता विचारून काय करायचं होतं?

रविवारी संध्याकाळी मी कारण काढून रोपवाटिकेत गेले, मोगऱ्याची दोन रोपं हवी आहेत म्हणून. गाडी नुकतीच ठाण्याहून आली होती. जागृती हौद्यातून रिकामे क्रेट उतरवत होती, आणि लक्ष्मी चटईवर पाठ टेकून अर्धी गाडीखाली होती. पंप नव्हता. हातात तेलाचा बोळा होता, शेजारी पाण्याची बादली आणि पिळलेलं फडकं. मधल्या त्या सांध्यावर तिने प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली होती, पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून. पिशवीभोवतीचं लोखंड ती बोटभर, बोटभर करत पुसत होती.

ती अजूनही मीठच पुसत होती. मी तिथे उभी होते आणि मला स्पष्ट दिसत होतं की त्या लोखंडावर मिठाचा कण नाही, कधी नव्हता, कधी येणारही नाही.

मला बघून ती थांबली, पिशवीच्या गाठीकडे बोट केलं आणि विचारलं, "बाई, बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.